ठकुबाईचं छोटंसं आमंत्रण

ठकुबाई नवले हिला देवानं सगळं दिलं, फक्त माप द्यायला तो विसरला. दोघांचा चहा ठेवते म्हणून उठायची आणि पातेल्यात सहा कप पाणी ओतायची. वर गंमत अशी, की तो चहा कधी उरायचा नाही. कुणीतरी टपकायचंच. बंगळुरात मल्लेश्वरमच्या त्या क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, नवल्यांच्या दारात परक्या चपला दिसल्या नाहीत, तर लोक काळजीनं चौकशीला यायचे आणि मग चपला व्हायच्याच.

नवले मंडळी बंगळुरात कधी आली, हे मात्र विचारू नका. ठकुबाईच्या नवऱ्याला, आप्पाजींना, ती हकिगत सांगायला फार आवडतं आणि ऐकणाऱ्याची दुपार जाते. आपण एवढंच धरून चालू, की चार पिढ्या झाल्या. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं की कुठलं कुठून आलं ते कुणाला सांगता येऊ नये. ‘स्वल्प सरक गं’ हे ठकुबाईच्या लेखी शुद्ध मराठी. क्रॉसची ती ठकुअक्का. कुणाचं बारसं असो, मुंज असो, नाहीतर नुसतीच कुणाची गाय व्याली असो, ठकुबाई पदर खोचून हजर. स्वतःच्या घरचं कार्य असलं तर मग बघायलाच नको. सत्यनारायणाला पंचवीस माणसांना सांगितलं होतं आणि प्रसादाचा शिरा तीन वेळा करावा लागला, ही गोष्ट आप्पाजी अजून सांगतात. कधी अभिमानानं, कधी डोक्याला हात लावून.

अशा या घरात सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये मुलगा परत आला. सुशांत कॉम्प्युटर शिकून पुण्याला गेला होता, तिथलीच अंजली त्यानं केली, तिथेच स्वानंदी झाली. आठ वर्षं ठकुबाई आणि आप्पाजी एकमेकांची तोंडं बघत राहिले. आता कंपनीनं त्याला बंगळूरला पाठवलं, अंजलीलाही इथे नोकरी मिळाली, आणि तिघं बॅगा घेऊन दारात उभी राहिली. ठकुबाईनं अख्ख्या क्रॉसला पेढे वाटले. अख्ख्या क्रॉसनं घरी येऊन अंजलीला बघितलं.

अंजली पोरगी गुणाची. उलट बोलणं नाही, नाक मुरडणं नाही. पण मापानं जगणारी. तांदूळसुद्धा वाटीनं मोजून घ्यायची आणि वाटीवर बोट फिरवून सपाट करायची. ठकुबाई ते बघत राहायची. दिवसभर ऑफिसात डोकं फोडून ही घरी यायची, तर हॉलमध्ये तिघी-चौघी बसलेल्या. ही जेवायला बसली की त्या टक लावून बघणार आणि विचारणार, ‘ऊटा आय्ता?’, म्हणजे जेवण झालं का. घास तोंडात असताना काय उत्तर द्यायचं माणसानं? एका रविवारी दुपारी अंजलीला झोपेतून जाग आली, तर पायथ्याशी शेजारची रुक्कम्मा मांडी घालून पावटे सोलत बसलेली. तिचं म्हणणं, या खोलीत पंखा छान लागतो.

अंजली काही बोलली नाही. न बोलणारी माणसंच धोक्याची, असं आप्पाजींचं मत.

नोव्हेंबरात एकदा सुशांतनं आईला स्वयंपाकघरात गाठलं. “आई, एक सांगतो, ओरडू नकोस. अंजलीनं हेब्बाळच्या बाजूला एक फ्लॅट बघितलाय. दोन खोल्यांचा. तिला इथं त्रास होतोय असं नाही, पण स्वतःचं असं काहीच राहत नाही म्हणते.”

ठकुबाईच्या हातातली पळी तिथंच थांबली.

“मी तिला थोपवून धरलंय,” सुशांत म्हणाला. “स्वानंदीचा वाढदिवस आलाय. तिला तो छोटा करायचाय. तिच्या पद्धतीनं. तेवढा एक दिवस तिच्या मनासारखा होऊ दे. मग मी बोलतो. नाहीतर आई, माझ्या हातात काही नाही.”

“होऊ दे की. मला कुठं हौस आहे गर्दीची?” असं ठकुबाई म्हणाली. खरंच म्हणाली. आणि म्हणताना तिचा त्यावर विश्वासही होता.

रात्रीच्या जेवणाला अंजलीनं बेत सांगितला. रविवारी चार ते सहा. मुलं सात, स्वानंदीच्या शाळेतली आणि आसपासची. अय्यंगार बेकरीतून सशाच्या आकाराचा केक. सँडविच, वेफर्स, सरबत. संगीतखुर्ची, पार्सलचा खेळ. जाताना प्रत्येकाला एक कंपासपेटी. स्वानंदी धरून आठ टोप्या, आठ पेपर प्लेट. मोठ्यांचं काही नाही. आया मुलांना सोडतील आणि सहाला घेऊन जातील.

“आणि पान?” ठकुबाईनं विचारलं.

“कसलं पान?”

“जेवणाचं गं.”

“आई, चार वाजता कोण जेवतं?”

आप्पाजींनी भात कालवता कालवता बायकोकडे बघितलं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

आता अडचण अशी, की अंजलीला कन्नड येईना आणि सकाळी आठच्या कंपनीच्या बसनं ती जायची. तेव्हा आमंत्रणाचं काम ठकुबाईवर आलं. अंजलीनं सात गुलाबी कार्डं तिच्या हातात दिली. वर फुगा धरलेलं अस्वल. “फक्त कार्ड द्यायचं, रविवारी चारला मुलाला पाठवा म्हणायचं आणि यायचं. बाकी काही करायचं नाही हं, आई.”

“काही नाही,” ठकुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलगा-सून कामाला गेल्यावर ठकुबाई चांगलं लुगडं नेसली, कार्डं घेतली आणि उंबऱ्यात अडखळली. नुसती कार्डं घेऊन जायचं? कुणाच्या दारात उभं राहायचं, कागद पुढं करायचा आणि चालू पडायचं? पोस्टमन आहे का मी? माझ्या नातीचा वाढदिवस आहे का विजेचं बिल आहे? काही नाही, निदान कपाळाला कुंकू तरी लावावं. कुंकवानं कुणाचं काय बिघडतंय! ती परत आत गेली आणि कुंकवाचा करंडा आणि मूठभर अक्षता घेऊन निघाली.

इथं एक रीत सांगायला हवी. हळदीकुंकू लावून, हातावर अक्षत ठेवून जे सांगितलं जातं, ते आमंत्रण घरादाराचं आणि जेवणाचं. आपल्याकडेही तसंच आणि कन्नड मंडळींत तर त्याहून पक्कं. आणि करंडा हातात धरून एखाद्या दारावरून तसंच पुढं गेलं, तर तो त्या घराचा अपमान. सात पिढ्या लक्षात ठेवतात. हे ठकुबाईला माहीत नव्हतं का? तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण माणूस श्वास कसा घेतो याचा विचार करत नाही, तसंच तिचं या बाबतीत.

पहिलं कार्ड रुक्कम्माच्या नातवाचं, अद्वैतचं. ठकुबाईनं कार्ड दिलं, रुक्कम्माच्या कपाळाला बोट टेकलं, आणि बोट टेकल्याबरोबर जीभ आपसूक सुटली. “मनेमंदी येल्लारू बन्नी.” घरचे सगळे या. हात आणि जीभ यांची जन्माची जोडी, एक हलली की दुसरी हललीच. आता रुक्कम्माला कुंकू लावलं आणि तिच्या दोन सुना दारात उभ्या, त्यांना काय नुसतं बघत ठेवायचं? त्यांनाही लावलं. आतून सासूबाईंनी खोकून आपण आहोत हे कळवलं. त्यांनाही लावलं.

बाहेर पडली तर समोरच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत होती. तिनं करंडा बघितला, सूप खाली ठेवलं, उभी राहिली आणि पदरानं कपाळ पुसून तयार झाली. आता काय करणार? डोळे मिटून पुढं जाणार? त्या बाईला मूलबाळ नव्हतं, पण कपाळ होतं. ठकुबाईनं कुंकू लावलं आणि जीभ आपलं काम करून गेली. पुढच्या दारातून कुणीतरी हाक मारली, “ठकुअक्का, आम्हाला विसरलात?” घ्या! कोपऱ्यावरच्या व्यंकोजीचं घर आलं. व्यंकोजी आप्पाजींचा कारखान्यातला जुना सोबती, बायको जाऊन दहा वर्षं झाली, हॉटेलात जेवायचा. त्याच्या हातावर अक्षत ठेवताना ठकुबाईला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

उन्हं चढल्यावर ती घरी आली. चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्याचा आनंद.

“झाली आमंत्रणं?” आप्पाजींनी पेपरातून विचारलं.

“झाली. सातच्या सात कार्डं दिली. एक जास्त नाही, एक कमी नाही.”

“शाबास.” आप्पाजींनी पेपर खाली घेतला. “मग हा करंडा का रिकामा?”

ठकुबाईनं करंड्यात बघितलं. सकाळी काठोकाठ भरलेला. आता तळाचं पितळ दिसत होतं.

“किती माणसं?” आप्पाजी म्हणाले.

“मोजली नाहीत.”

“अंदाजे?”

“सात मुलं.”

“आणि?”

“आणि क्रॉस.”

आप्पाजींनी पेपर परत तोंडावर धरला. तो बराच वेळ हलत होता, पण ते रडत होते की हसत होते ते ठकुबाईला दिसलं नाही. तेवढ्यात रस्त्यापलीकडून व्यंकोजीची आरोळी आली. “वैनी, पंगत किती वाजता? म्हणजे मी दुपारी हलकंच खातो!”

करायला गेली गणपती आणि झाला मारुती! पंगत! ठकुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिला हेब्बाळचा फ्लॅट दिसायला लागला. त्यात सुशांत, अंजली, स्वानंदी, आणि इकडे या हॉलमध्ये आपण आणि आप्पाजी, पुन्हा एकमेकांची तोंडं बघत. नाही, हे निस्तरलंच पाहिजे. दिलेलं आमंत्रण परत घ्यायचं. असं कुणी कधी केलं नव्हतं, पण आली अंगावर तर घेऊ शिंगावर म्हणून ती संध्याकाळी रुक्कम्माकडे गेली.

“रुक्कम्मा, ते रविवारचं... स्वल्प घोटाळा झालाय.”

“घोटाळा कसला? आम्ही सगळे येणार,” रुक्कम्मानं तिचे हात धरले. “रविवारी आनेकलला माझ्या बहिणीकडं जायचं होतं, ते रद्द केलं. कुंकू लावून बोलावलंत म्हटल्यावर जाईन का मी? बहीण रागावली. तिला म्हटलं, मग तूच ये इकडं. ती येतेय, तिच्या सुना येतायत.” मग तिनं एक डोळा बारीक केला. “आणि कार्य कसलं ते तुम्ही सांगितलं नाहीत, तरी आम्हाला कळलं हो.”

त्या डोळ्याचा अर्थ काही ठकुबाईच्या डोक्यात शिरला नाही. ती माणसं कमी करायला गेली आणि आनेकलची चार वाढवून आली. आणखी कुठं जाण्यात अर्थ नव्हता. गेली असती तर म्हैसूरहून बस आली असती.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. अंजली रोज जेवताना विचारायची, “आई, सातच ना?” ठकुबाई म्हणायची, “कार्डं सातच दिली.” आप्पाजींना दर वेळी ठसका लागायचा. अंजलीनं शेवटी त्यांना डॉक्टरकडे जायला सुचवलं. पोरगी इतकी खुशीत होती! ऑफिसातून आल्यावर रंगीत कागदाच्या झिरमिळ्या कापायची, स्वानंदीला मांडीवर घेऊन फुगे मोजायची. स्वानंदी म्हणायची, “आणि मी पार्सल फोडणार!” ठकुबाई दारात उभी राहून ते बघायची आणि सांगून टाकावं म्हणून तोंड उघडायची. मग तोच फ्लॅट डोळ्यांपुढं यायचा आणि तोंड मिटायचं. भीती वाटत होती तिला, सरळ सांगायचं तर.

बरं, आमंत्रण परत घेता येत नाही, तर माणसं उपाशी तरी पाठवायची नाहीत. रविवारी सकाळी देवळात जाते म्हणून ठकुबाई निघाली ती थेट व्यंकोजीच्या परसात. तिथं चूल पेटलेली, गणेश मंडळातून आणलेलं पातेलं चढलेलं. आप्पाजी ‘फिरायला’ म्हणून बाहेर पडले होते, ते पाटावर बसून घेवडा चिरत होते. डाळ-तांदूळ-भाज्यांचा तो मसालेदार बिसीबेळे भात शिजायला लागला, आणि वास थोडाच भिंती मानतो! दहा वाजता ठकुबाई घरी आली, तर अंजली खिडकीशी उभी.

“आज कुणाकडे लग्न आहे का हो, आई?”

“असेल बाई. लोकांना काय, उठले की लग्न करतात.”

चार वाजता मुलं आली. सातही आली. डोक्यावर टोप्या चढल्या, संगीतखुर्चीच्या खुर्च्या मांडल्या, टेपरेकॉर्डर तयार झाला. अंजलीच्या तोंडावर असं हसू होतं, की ठकुबाईला क्षणभर वाटलं, देवा, तेवढं कुणाला येऊ देऊ नकोस. सगळ्यांना विसर पाड.

कुणाला विसर पडला नाही. सव्वाचारला रुक्कम्मा आली. मागं सुना, सासूबाई, आनेकलची बहीण, बहिणीच्या सुना. प्रत्येकीच्या हातात तबक.

“या कोण?” अंजलीनं हळूच विचारलं.

“सहज आल्या असतील.”

“सहज? नारळ घेऊन?”

तेवढ्यात तांदूळ निवडणारी बाई आली, तिच्या मागं पुढच्या दारची मंडळी, मग व्यंकोजी इस्त्रीचा सदरा घालून. दाराबाहेर चपलांचा खच पडला. हॉल भरला, खोली भरली, स्वयंपाकघर भरलं. संगीतखुर्चीच्या खुर्च्यांवर म्हातारे बसले आणि संगीत थांबलं तरी उठेनात. सशाच्या केकभोवती नारळ, केळी आणि खणांचा डोंगर झाला. आणि मग रुक्कम्माच्या त्या डोळ्याचा उलगडा झाला. कार्डावर काही का असेना, वाढदिवसाला कुणी कुंकू लावून बोलावतं का कधी? तेव्हा क्रॉसनं आपापसांत ठरवलं होतं की हे सूनबाईचं डोहाळजेवण. चार बायकांनी अंजलीला धरून भिंतीशी बसवलं, तिच्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या, एकीनं पोटावरून हात फिरवला आणि मुलगा होऊ दे म्हणून कन्नडमध्ये आशीर्वाद दिला.

“काय म्हणतायत या?” अंजलीनं सुशांतला विचारलं.

“नंतर सांगतो,” सुशांत म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

इथवर ठकुबाईला वाटत होतं, निभेल. अंजली चिडेल, दोन दिवस अबोला धरेल, निभेल. पण मग कुणीतरी म्हणालं, “मगू, बाळ कुठंय? पाया पडू दे.” आणि स्वानंदीला पुढं ढकललं. पोर एकाच्या पाया पडली, दुसऱ्याच्या पडली. तिसऱ्यानं हात धरून चौथ्याकडे दिलं. टोपी घसरून मानेवर आली, फ्रॉकच्या गुडघ्यांना धूळ लागली. तिचे सात सवंगडी कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या सापटीत उभे होते, एकमेकांना चिकटून, आणि त्यांतला एक चपला कुठं आहेत ते शोधत होता. स्वानंदी रडली नाही. वाकता वाकता एवढंच म्हणाली, “आई, माझं झालं की मी खेळू?”

बायकांतून सुटलेली अंजली पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. ठकुबाईनं तिच्याकडे बघितलं. तो राग नव्हता. राग असता तर ठकुबाईनं सोसला असता, आयुष्यात पुष्कळांचे सोसले होते. हा चेहरा मोठ्या बाईचा नव्हताच. खाऊ हातातून काढून घेतलेल्या पोराचा होता.

आणि मग ठकुबाईनं जे केलं, ते नवल्यांच्या चार पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. ती तरातरा पुढं झाली, व्यंकोजीला खुर्चीवरून उठवलं, स्वतः त्या खुर्चीवर चढली आणि ओरडली, “मोठी माणसं बाहेर! दोड्डवरु येल्ला होरगडे!”



“ठकुअक्का,” रुक्कम्मा म्हणाली, “कुंकू लावून बोलावलंत.”

“लावलं. आणि आता हात जोडून बाहेर काढते. चुकलं माझं. डोहाळजेवण नाही, बारसं नाही, काही नाही. पोरांचा वाढदिवस आहे. पान मिळेल, पोटभर मिळेल, पण रस्त्यावर. ऊठ रुक्कम्मा. अज्जी, काठी घ्या. अहो, बघत काय बसलात, तुम्हीपण मोठेच आहात!”

शेवटचं आप्पाजींना होतं. ते आज्ञाधारकपणे उठले. ठकुबाई एकेकाचा दंड धरून उंबऱ्याबाहेर सोडत होती, तोंडानं क्षमा मागत होती आणि हातानं ढकलत होती. सुशांतलाही ढकललं. आत सात मुलं, स्वानंदी आणि ट्रे घेतलेली अंजली राहिली. ठकुबाईनं दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून ओट्यावर बसली. दारात आलेल्या माणसावर दार लावलं! मेलेल्या सासूनं वरून बघितलं असेल तर तिथंच आडवी झाली असेल.

सगळ्यांनी ते गोड मानून घेतलं म्हणाल, तर नाही. दोन घरची माणसं नारळ परत मागून तडक निघून गेली आणि पुढं कितीतरी दिवस ठकुबाईशी बोलली नाहीत. बाकीचे रस्त्यात आपापल्या चपला शोधत उभे राहिले. मग व्यंकोजीनं परसातलं पातेलं रस्त्यावर आणवलं आणि झाकण काढलं. बिसीबेळे भातापुढं मानापमान फार वेळ टिकत नाही. ओट्यावर, कंपाउंडच्या भिंतीवर, एका उभ्या स्कूटरवर, जिथं जागा मिळेल तिथं पंगत बसली. आतून टेपरेकॉर्डरचा आवाज आला, तो थांबला, आणि सात-आठ गळ्यांतून एकदम किंकाळी उठली. मग हसण्याचा असा कल्लोळ झाला की व्यंकोजी पत्रावळ घेऊन खिडकीशी गेला. ठकुबाईनं त्याला तिथून हुसकावलं.

सहा वाजून गेल्यावर ठकुबाईनं कडी काढली आणि मुलं कंपासपेट्या घेऊन आपापल्या घरी पांगली. पाहुणेही गेले. अंजली बाहेर आली आणि ओट्यावर ठकुबाईच्या शेजारी बसली. हातात अजून त्या हिरव्या बांगड्या होत्या.

“आई, मी सातच म्हटलं होतं.”

“हो.”

“रोज विचारत होते मी.”

“कार्डं सातच...” ठकुबाईनं सुरुवात केली आणि सोडून दिली. “खोटं बोलले मी. तू जाशील म्हणून भ्याले आणि खोटं बोलले.” तिनं शेजारची एक उष्टी पत्रावळ उगाच दुमडली. “तू तो फ्लॅट घे, अंजली. मी सांगते सुशांतला. मला छोटं जमत नाही गं. जित्याची खोड आहे, ती आता कुठं जाणार? आज एकदा दार लावलं तर हात कापत होते माझे, रोज नाही लावता यायचं. तुम्ही गेलात तर घर खायला उठेल. उठू दे. पण पोरीचा चेहरा तसा परत नको. आणि तुझाही.”

आणि ती सरळ रडायला लागली, पदरात तोंड न लपवता.

अंजली बांगड्यांशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “आमच्याकडे पुण्याला वाढदिवस असाच व्हायचा. काका, आत्या, त्यांच्या ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे. मी नवा फ्रॉक घालून पाणी वाटायची आणि सगळ्यांच्या पाया पडायची. मैत्रिणी जिन्यात बसून राहायच्या आणि कंटाळून घरी जायच्या. दरवर्षी मला वाटायचं, कुणीतरी एकानं म्हणावं, बास, आता पोरांना खेळू द्या. एकानं.” ती थांबली. “कुणी नाही म्हटलं. माझ्या आईनंही नाही.”

ठकुबाईनं अंजलीच्या पाठीवर हात ठेवला.

“पुढच्या वर्षी एक करू,” अंजली नाक ओढत म्हणाली. “आधीच सांगून टाकू, मोठ्यांची पानं बाहेर. कडी मी घालीन, तुम्ही वाढायचं बघा.”

“पुढच्या वर्षी?” ठकुबाईनं भीत भीत विचारलं. “इथं?”

“मग कुठे? एवढी माणसं फ्लॅटमध्ये मावणार आहेत का?”

ठकुबाईनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि लगबगीनं उठली.

“चल, ऊठ. तू सकाळपासून जेवली नाहीस.”